तीन नंबरवरचं बोलणं

रिसीव्हर कानाला लावला आणि इंद्रायणी दचकली.

रोज त्यातून भिमाजीचा आवाज यायचा. तंबाखूनं जड झालेला, कंटाळलेला. आज मात्र कुणीतरी तरुण, जरा खालच्या पट्टीत, अगदी कानाच्या आत येऊन बोललं, “एक नंबर… ऐकू येतंय का तिकडं?”

तिच्या हातातून रिसीव्हर सुटला आणि फरशीवर आदळला. शेजारी केबलीच्या टोकांना फीत गुंडाळत बसलेली शालनबाई हसली. “भूत न्हाई गं ते. भिमाजीच्या जागी नवा गडी आलाय. ज्योतीराम. कोल्हापूरकडचा हाय म्हनं.”

इंद्रायणीनं रिसीव्हर उचलला, तोंडाशी धरला.

“काय पडलं काय?” पलीकडून विचारणा झाली.

“न्हाई… आला. एक नंबर आला.”

“बरं झालं. मला वाटलं, पैल्याच दिवशी केबल तुटली माझ्या हातनं.”

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. तिनं पटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. मामा तिथं नव्हते.

दापोडीला रेल्वेच्या रुळांलगत नानासाहेबांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. पलीकडे पिंपरीत औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता, रोज गाडीतून नवी माणसं उतरत होती, आणि त्या गर्दीत हे छोटं वर्कशॉप कुणाच्या ध्यानातही येत नसे. इथं लष्कराच्या वायरलेससाठी केबली बनत. पितळेची एक पेटी, तिला सहा तोंडं. प्रत्येक तोंडातून एक जाड काळी केबल निघायची. केबलीच्या पोटात मधोमध तांब्याची एकच तार, तिच्याभोवती पांढरं आवरण, त्यावर तांब्याचीच विणलेली जाळी, आणि सगळ्यांत वर रबर. आवाज मधल्या तारेनं जायचा, जाळीतून परत फिरायचा. जाळी नीट असली की एका केबलीतलं दुसरीत शिरत नसे. सहाही जाळ्या पेटीच्या आत एका पितळी कड्याला कथलाच्या डाखानं जोडलेल्या असत. तो डाख देण्याचं काम इंद्रायणीचे मामा, अर्जुनराव मेस्त्री, दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

तपासणीची साधनं म्हणावीत तर फार नव्हती. काटा अडकणारा एक मीटर नानासाहेबांच्या कपाटात असे. बाकी एक बॅटरी, एक लहानसा दिवा आणि जुन्या बाजारातून आणलेले टेलिफोनचे दोन रिसीव्हर. पेटी पुढच्या खोलीत ठेवायची, केबली भिंतीच्या भोकातून मागच्या गोदामात सोडायच्या. एकानं पेटीशी बसायचं, दुसऱ्यानं टोकांशी. आधी प्रत्येक केबलीवर दिवा लावून बघायचा, मग रिसीव्हर जोडून बोलायचं. बरोबर नंबरवर आवाज आला की केबल पास.

इंद्रायणीला हे काम नीट जमायचं, कारण तिला त्याची धास्ती होती. तिचा थोरला भाऊ रंगराव फौजेत वायरलेसवर होता. काश्मीरच्या लढाईत तो गेला. त्याचा एक सोबती नंतर कुरुळीला घरी येऊन सांगून गेला होता, की शेवटच्या दिवशी रंगरावची हाक खाली पोचली, पण दुसऱ्या चौकीचा आवाज तिच्यात मिसळला. मदत कुठल्या चौकीवर पाठवायची ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून आईनं, सोजराबाईनं, हसणं सोडलं. आणि इंद्रायणी कुठलीही केबल हातात घेतली की आधी विचार करायची, की हिच्या टोकाशी कोण बसणार असेल.

दुसरी भीती घरची होती. मामा तिला कुरुळीहून दापोडीला घेऊन आले, तेव्हा बहिणीला शब्द देऊन आले होते. दारातच, इंद्रायणीला ऐकू जाईल असं ते म्हणाले होते, “पोरीबद्दल एक वाकडा शब्द कानावर आला, तर त्याच दिवशी परत आणून सोडीन. मग पुढं काय करायचं ते तू बघ.” पुढं काय, तेही ठरल्यासारखंच होतं. चिंबळीचा एक बिजवर सोजराबाईकडे दोनदा विचारून गेला होता.

म्हणून ती बोलायची नाही. ‘आला’, ‘न्हाई आला’, एवढंच. बोलायचा तो.

“तीन नंबर. आज तुमच्याकडं लई गरम हाय का? इकडं पत्रा नुसता तापलाय.”

“आला.”

“काय, उन्हाळा?”

“तीन नंबर आला.”

“बाई, तुमी दुसरं कायच बोलत न्हाई. मला वाटाय लागलंय, पलीकडं माणूस हाय का यंत्र बसवलंय.”

तिनं ओठ आवळून धरले. मग, का कोण जाणे, म्हणाली, “यंत्राला गरम होत न्हाई.”

तो इतक्या मोकळेपणी हसला, की भिंतीपलीकडूनही ऐकू आलं.

तीन नंबरचं असं झालं, की त्यावर काम जरा लांबायला लागलं. एक आणि दोन भरभर व्हायचे. तीनला तो काहीतरी विचारायचा. तिनं सकाळी काय खाल्लं, कुरुळी किती लांब, तिचं नाव नदीचं कसं. ती तुटक उत्तरं द्यायची आणि प्रत्येक उत्तरानंतर दाराकडे बघायची. मामाच्या चपलांचा आवाज आला की ती रिसीव्हर खाली ठेवायची.

चेहऱ्यानं त्याला तिनं पाहिलं ते नंतर, पाण्याच्या पिंपापाशी. आवाजावरून तिनं कुणीतरी उंच, रुबाबदार माणूस मनात धरला होता. समोर होता तो बारीक अंगाचा, कान जरा पुढे आलेला, सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली. तिला पाहून तोच गोंधळला. पेला तिच्याकडे सरकवला आणि स्वतः पाणी न पिताच निघून गेला. समोरासमोर त्याची जीभ हलत नव्हती. ते बघून तिला तो आवाजापेक्षा जास्त आवडला. आणि त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

“काल पाणी न पिता गेलात,” दुसऱ्या दिवशी तीन नंबरवर ती आपणहून म्हणाली.

“तहान गेली माझी…”

“अशी कशी गेली?”

“ते… ते केबलीवर सांगायजोगं न्हाई.”

“मग कशावर सांगायजोगं हाय?”

हे आपण बोललो, यावर तिचाच विश्वास बसेना.

“इंद्रायणीबाई,” तो हळू म्हणाला, “तुमचा आवाज ऐकला न्हाई, तर माझा रविवार सरत न्हाई. एवढंच सांगतो. रागावू नका.”

ती रागावली नाही. रिसीव्हर तिनं कानाला आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात शालनबाईनं तिच्या गुडघ्याला हात लावला. शालनबाईच्या हातात पाच नंबरचं टोक होतं आणि कानाला आणखी एक रिसीव्हर. काम लवकर उरकावं म्हणून नानासाहेबांनी कालच तिसरा आणून दिला होता. शालनबाई गालात हसत होती.

“रविवार सरत न्हाई म्हनं. अगं, मग आठवड्याला रविवार तरी कशाला ठेवायचा?”

पहिली भीती साधीच होती, की बाईनं ऐकलं. ती दोन्ही हात जोडून म्हणाली, “शालनबाई, पाया पडते. मामाला…”

“गप गं. मी कशाला बोलू? मलाबी लेकी हायेत.”

दुसरी भीती सावकाश आली, पण ती जास्त मोठी होती. शालनबाई पाच नंबरवर होती. ते बोलणं तीन नंबरवर होतं.

“तुमी कुठल्या नंबरवर ऐकलं?”

“ह्या काय, पाचवर.”

“भिंतीतनं न्हाई?”

“भिंतीतनं कुजबुज कशी ऐकू येईल? चांगलं कानात ऐकलं.”

इंद्रायणीनं दिवा लावला. तीनवर लागला, पाचवर लागला, सगळ्यांवर लागला. दिव्याच्या मते पेटीत काहीच खोट नव्हती. याच दिव्यावर हा सगळा माल पास झाला होता. पलीकडे भिंतीशी लाकडी खोकी बांधून तयार होती आणि उद्या संध्याकाळी ट्रक येणार होता.

तिला रंगराव दिसला. बर्फात बसलेला, कानाला रिसीव्हर लावलेला.

ती उठून मागच्या अंगणात गेली आणि ज्योतीरामला खुणेनं बोलावलं. उजेडात, एकमेकांसमोर उभं राहून ते पहिल्यांदाच बोलत होते. तिनं झालेलं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

“जाळीचा डाख कच्चा हाय,” तो म्हणाला. “कड्याला नुसता टेकलाय. दिव्याला तेवढं टेकणं पुरतं. आवाजाला पुरत न्हाई, तो दुसऱ्या जाळीतनं वाट काढतो.” मग त्याच्या ध्यानात आलं. “डाख तर मेस्त्रींचा.”

“व्हय.”

“मी सांगतो. तुमचं नाव न्हाई घेत.”

“मग बोलणं कुणाशी झालं म्हणून सांगाल? भिमाजीशी?”

तो नवा होता, काम पक्कं नव्हतं, गावी आई त्याच्यावर अवलंबून होती. त्याची भीती त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होती आणि तो ती लपवत नव्हता.

“गप बसलो तर?” तिनं विचारलं. तिला स्वतःलाच तो आवाज परका वाटला.

“तर माल जाईल. आपलं कुणालाच कळणार न्हाई.” तो खाली बघत म्हणाला. “तुमी म्हणाल तसं.”

शेजारून मालगाडी गेली, पत्रे थडथडले. गाडी पूर्ण गेल्यावर ती आत वळली आणि थेट मामाच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

“मामा, तीनवर बोललेलं पाचवर ऐकू येतंय.”

अर्जुनरावांनी हातातली तापलेली सळई शेगडीवर ठेवली. “कुणी ऐकलं?”

“शालनबाईंनी.”

“काय ऐकलं? ‘आला, न्हाई आला’ तर समदेच म्हणत्यात. ते तीनवरचंच होतं, हे कशावरनं?”

इथंच ती अडकणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं लुगड्याचा पदर बोटाभोवती घट्ट गुंडाळला.

“ते बोलणं… कामाचं नव्हतं, मामा.”

मामांच्या मानेवरची शीर ताठ झालेली तिला दिसली. मागून ज्योतीराम येऊन उभा राहिला. “बोललो मी होतो, मेस्त्री. त्या नुसत्या ऐकत होत्या.”

“तुला कुणी इचारलं?” मामा इतक्या शांतपणे म्हणाले, की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

नानासाहेबांना बोलावणं गेलं. ते वयस्कर, सावध गृहस्थ होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “अर्जुनराव, खोकी फोडायची म्हणजे ट्रक परत पाठवायचा. मला नुसत्या शब्दावर ते करता येणार नाही. तुम्ही स्वतः कानानं ऐका आणि सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव गोदामात पाच नंबरचं टोक घेऊन बसले. ज्योतीराम पेटीशी बसला. इंद्रायणीला त्यांनी आपल्यापासून लांब, तीन नंबरची केबल ताणून अंगणापर्यंत पाठवलं, म्हणजे आवाज हवेतून येणार नाही.

“तीन नंबर… ऐकू येतंय?” ज्योतीराम म्हणाला.

“येतंय.”

“काय न्हाई,” आतून मामांचा आवाज आला. “पाचवर काय बी न्हाई.”

पुन्हा बोलले. पुन्हा काही नाही. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं. स्वतःचं नाव उगाच उधळलं होतं, मामाच्या हाताला बोल लावला होता, आणि आता तो खोटा ठरत होता. काल दुपार होती, तिला आठवलं. पेटीवर खिडकीतलं ऊन होतं.

“मामा,” ती धावत दारापाशी आली, “काल पेटी तापलेली होती. पितळ तापून फुगलं, की नुसता टेकलेला डाख सैल पडत असंल.”

अर्जुनराव उठून पुढच्या खोलीत गेले, पेटी उचलली आणि खिडकीतल्या उन्हात ठेवली. मग परत येऊन पाच नंबर कानाला लावला आणि नुसते बसून राहिले. नानासाहेबांनाही त्यांनी खुणेनं बसवलं.

पितळ तापू लागलं. ज्योतीरामनं पुन्हा रिसीव्हर उचलला.

“तीन नंबर…”

“ऐकू येतंय,” इंद्रायणी म्हणाली.

मामांकडून हाक आली नाही. ऐकू येत नाही म्हणून, की ऐकत आहेत म्हणून, काहीच कळायला मार्ग नव्हता.

“इंद्रायणीबाई,” ज्योतीराम म्हणाला. “मेस्त्रींना ऐकू जात असंल, तर जाऊ दे. उद्या मला इथनं काढतील, मग सांगायला केबल बी नसंल. माझ्या मनात तुमी हाय. थट्टेचं बोलणं न्हाई हे. तुमच्या घरचे देत असतील, तर मी तुमच्याशी लगीन करीन. न्हाई दिलं, तर… तर आजवर जे बोललो, ते खरं होतं एवढं ध्यानात ठेवा.”

ती बोलू शकली नाही.

गोदामाच्या दारात अर्जुनराव उभे होते. रिसीव्हर अजून त्यांच्या हातातच होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नानासाहेबांकडे वळून ते म्हणाले, “पाचवर ऐकू आलं. शब्द न् शब्द. खोकी फोडा.”

मग थोड्या वेळानं, खाली बघत, “डाख माझा व्हता. पेटी जाड आली अवंदा, सळईची धग पुरली न्हाई. मला कळायला पायजे व्हतं.”

ट्रक रिकामा परत गेला. त्या दिवशी आणि पुढचे दिवस सगळे मिळून पेट्या उघडत होते, जाळ्या सोडवत होते, कडी नीट तापवून पुन्हा डाख देत होते. बऱ्याच पेट्या चांगल्या निघाल्या. काही निघाल्या नाहीत. तपासताना आता प्रत्येक पेटी आधी उन्हात ठेवत आणि एका केबलीवर बोलून बाकीच्या साऱ्या केबलींवर कान लावत. ज्योतीरामला कुणी काढलं नाही. पण मामांनी इंद्रायणीला तपासणीच्या कामावरून हलवून फीत गुंडाळायला बसवलं, आणि त्या गोष्टीबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

घरीही नाही. जेवताना नाही, सकाळी नाही. मामी, दुर्गाबाई, भाकरी वाढताना दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि गप्प राहायची. त्या गप्प राहण्यानं इंद्रायणी आतून खचत चालली. मामा ओरडले असते, तर तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

रविवारी सकाळी मामा म्हणाले, “पिशवी भर. कुरुळीला जायचंय.”

तिनं पिशवी भरली. दोन लुगडी, चोळ्या, कंगवा. मामीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तिला रडू आवरेना. वाकडा शब्द कानावर आला होता, आणि मामा बहिणीला दिलेला शब्द पाळत होते. पुढे चिंबळीचा बिजवर.

एस.टी. गच्च भरलेली होती. मामांनी तिला खिडकीशी बसवलं. भोसरी गेली, मोशी आली, पूल आला. खाली नदीचं पाणी उन्हाळ्यानं आटून बाजूला सरकलेलं. गाव जवळ येत होतं.

“इंद्रे,” मामा समोर बघत म्हणाले. “तू त्या दिवशी गप बसली असतीस, तर तुझं नाव वाचलं असतं. माझा डाख बी वाचला असता.”

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

“आन् तिकडं कुनाचा तरी रंगा गेला असता.” त्यांनी घसा साफ केला. “त्या पोरानं मी ऐकतोय हे ठावं असून तोंड उघडलं. त्याचं समदं ऐकलं मी. पर तुझं काय ऐकू आलं न्हाई. तुझ्याकडनं उत्तरच न्हाई. आता तुझ्या आईपुढं जाऊन मी काय सांगायचं? त्याचं मन हाय म्हनून चालत न्हाई.”

इंद्रायणीनं त्यांच्याकडे पाहिलं. मामा अजून समोरच बघत होते, पण त्यांचा हात पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून होता. तेही घाबरले होते, हे तिला पहिल्यांदा दिसलं.

मामापुढं असं बोलायचं धाडस घराण्यात कुठल्या मुलीनं केलं नव्हतं. तिनं पिशवी छातीशी धरली.

“माझं बी मन हाय, मामा.”

तिनं ते इतकं हळू म्हटलं, की गाडीच्या खडखडाटात ते ऐकू गेलं का नाही, कळेना. मामांनी दांडी सोडून पागोटं सारखं केलं.

“मग जरा मागं बघ.”

तिनं मान वळवली. सगळ्यांत मागच्या बाकावर, एका कोंबड्यांच्या पाटीच्या आणि खिडकीच्या मधे, धुतलेला सदरा घालून ज्योतीराम बसला होता. घामानं डबडबलेला, पांढराफटक. मामांनी त्याला बोलावलं होतं, कशासाठी ते मात्र सांगितलं नव्हतं. ती वळलेली पाहताच तो अर्धवट उठला आणि गाडीच्या हिसक्यानं पुन्हा खाली बसला.

कुरुळीचा फाटा आला. मामा आधी उतरले आणि मागे न बघता पुढे चालू लागले. इंद्रायणी उतरली. ज्योतीराम तिच्या मागोमाग उतरला, आणि दोघं धुळीत एकमेकांपासून जरा अंतर राखून उभे राहिले.

“काय…” तो अडखळला. “काय म्हणाले मामा?”

“म्हणाले, मागं बघ.”

“आणि?”

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

“बघितलं की,” ती म्हणाली, आणि मामाच्या मागून घराच्या वाटेला लागली, त्याला बरोबर चालता येईल इतकी सावकाश.